रोटाव्हायरसची झटपट चाचणी: किट, शी आणि घड्याळ

रोटाव्हायरस हा लहान मुलांना जुलाब लावणारा विषाणू; तो शीत आहे का हे पाहणारी बहुतेक किट ३० अंशांच्या आत ठेवायची असतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा कूलरच्या भरवशावर राहू नका; फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नाही. बाहेर काढल्यावर पाकीट लगेच फोडू नका, नाहीतर आतल्या थंड चाचणी-पट्टीला ओल धरते.

जुलाब सुरू झाल्यापासून पहिल्या ४-५ दिवसांतली शी घ्या. डायपर पातळ शी शोषून घेतो, म्हणून आत स्वच्छ प्लास्टिक अंथरा. किटमधल्या द्रावणात किटच्या काडीवर मावेल तेवढीच शी घोळा. इथेच घाई नडते: जास्त घातली की पट्टी तुंबते. गाळ बसू द्या, मग वरच्या द्रावणाचे थेंब पट्टीवर टाका. किती, ते किटच्या कागदावर असतं. निकालही कागदावरच्या वेळेतच वाचा, तासाभराने उमटलेली रेषा धरू नका. ‘सी’ (कंट्रोल, म्हणजे चाचणी नीट चालली हे दाखवणारी) रेषा नसेल तर चाचणी बाद. वेळेत दिसलेली फिकट ‘टी’ (टेस्ट, म्हणजे विषाणू दाखवणारी) रेषा मात्र पॉझिटिव्हच. (नुकतीच रोटाची लस पाजली असेल तर लसीतल्या विषाणूमुळेही ती येऊ शकते, तेव्हा आधी लसीकरण कार्ड पाहा.)

निकालासाठी ओआरएस अडवू नका. सोबत झिंक १४ दिवस: ६ महिन्यांखाली रोज १० मिलिग्रॅम, पुढे २०.