रेड टेल शार्क पाळताय? या चुका टाळा

"जोडीनेच न्या हो, एकटा बोअर होतो," अ‍ॅक्वेरियमवाला दुकानदार म्हणाला आणि मी दोन-दोन इंचाचे दोन रेड टेल शार्क पिशवीतून घरी आणले. काळं मखमली अंग, लालभडक शेपूट. सहा महिन्यांनी एकाची शेपूट पार कुरतडलेली, बिचारा फिल्टरमागे अंग चोरून उभा असायचा, खायलाही बाहेर येईना. शेवटी गेला.

तर पहिली चूक जोडी. नावात शार्क असला तरी हा आपल्या रोहूच्या भावकीतला, थायलंडचा, जुनं शास्त्रीय नावही रोहूसारखंच लेबिओने सुरू होणारं, लेबिओ बायकलर. लहानपणी गुण्यागोविंदाने राहतात, मोठे झाले की तळ कोणाचा यावरून मारामारी. म्हणून टँकमध्ये एकच, आणि रेनबो शार्कही सोबत नको, तोही त्याच वळणाचा.

दुसरं म्हणजे दोन फुटी टँक. हा पाच-सहा इंच होतो, चार फूट लांब आणि साधारण 200 लिटर तरी हवंच, कारण मार खाणाऱ्याला पळायला जागा लागते ना! कोरी, लोच असले तळाचे मासे ठेवू नका, गप्पी तर नकोच. मधल्या-वरच्या पाण्यातले चपळ मासे, टायगर बार्ब, जायंट डॅनिओ, हे ठीक.

आणि याला सगळ्यात शेवटी सोडायचं. आधी सोडला की अख्खा टँक त्याच्या बापाचा. ऑलरेडी सोडलाय आणि धुमाकूळ चाललाय? मग त्याला काही दिवस दुसऱ्या टँकमध्ये ठेवा, तेवढ्यात दगड, लाकूड, झाडं सगळं इकडचं तिकडे करा, एका कोपऱ्यातून दुसरा कोपरा दिसता कामा नये, मग परत सोडा. हद्द नव्याने आखावी लागते, त्या गडबडीत बाकीच्यांना श्वास मिळतो. माझ्याकडे दोनदा चाललंय हे, तिसऱ्यांदा नाही.

रंग फिका पडला की लगेच औषध ओतू नका राव, आधी पाण्यातला अमोनिया (माशांच्या घाणीतून साचणारं विष) तपासा, पाणी बदला. शेवाळ खातो म्हणून उपाशीही ठेवू नका, तळाला बसणारे पेलेट (दाणेदार खाद्य) आणि अधूनमधून उकडलेली काकडी द्या. झाकण मात्र घट्ट, उडी मारतो.

माझा उरलेला आता टँकमधल्या फुटक्या कुंडीत राहतो. काच पुसायला हात घातला की हातावरही धावून येतो.