वॉशिंग मशीनला कुबट वास येतोय? या चुका टाळा

मशीनमधून आत्ताच काढलेला टॉवेल नाकाशी नेला आणि ओल्या पायपुसण्यासारखा वास आला, की हात आपोआप पावडरच्या डब्याकडे जातो. पुढच्या धुण्याला एक चमचा जास्त. वास वाढतो तो इथूनच.

मशीन उघडल्यावर दिसतो तो स्टीलचा चकचकीत ड्रम. त्याच्या बाहेरून दुसरा टब असतो आणि तो आपल्याला कधीच दिसत नाही. न खळबळलेली पावडर, अंगाचं तेल, कपड्यांचा मळ यांचा बुळबुळीत थर त्या टबावर बसतो आणि त्यात जिवाणू वाढतात. नीट न वाळलेल्या कपड्यांच्या वासामागे मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असल्याचं जपानी संशोधकांनी 2012 मध्ये दाखवलं. जास्तीची पावडर या थरातच भर घालते. सॉफ्टनरही तेच करतो, वर सुगंधाने चार दिवस वास झाकून ठेवतो. हाताने धुण्याची पावडर तर मशीनमध्ये नकोच. तिचा फेस इतका होतो की फ्रंट लोडच्या मोजक्या पाण्यात तो निघतच नाही.

दुसरी चूक म्हणजे धुणं झालं की दार लावून टाकणं. आमच्याकडे कोकणात जून ते सप्टेंबर हवाच ओली, त्यात बंद ड्रम म्हणजे बुरशीला आयतं घर. दार आणि पावडरचा कप्पा किलकिले ठेवा. घरात लहान मूल असेल तर दार उघडं ठेवताना लक्ष हवंच. फ्रंट लोडच्या दाराचं रबर बोटाने मागे ओढून त्याच्या घडीत खाली साचलेलं पाणी फडक्याने टिपून घ्या. काळे ठिपके तिथेच सापडतील.

फिल्टर अनेकांना माहीतच नसतो. बहुतेक फ्रंट लोडमध्ये तो पुढच्या बाजूला, खाली छोट्या झाकणामागे असतो. प्लग काढा, आतलं पाणी गार असल्याची खात्री करा, खाली परात ठेवा आणि हळूहळू फिरवून काढा. केस, दोरे, पिना, नाणी आणि त्यांच्याभोवती कुजलेला लगदा निघतो. टॉप लोडमध्ये धाग्यांची जाळी असते, ती उलटी करून धुवा.

आणि आता ती चूक, जिच्यामुळे आमचे दोन महिने गेले. मी ड्रम धुतला, रबर पुसलं, फिल्टर साफ केला, तरी सकाळी बाथरूममध्ये नासक्या अंड्यासारखा वास यायचाच. तो मशीनचा नव्हताच! पाणी जाणारा पाइप मोरीच्या नळीत हातभर आत खुपसलेला होता आणि गटाराची हवा त्यातून वर येत होती. ओळखायची युक्ती सोपी आहे. पाइप नळीतून वर काढून अडकवा, मोरीच्या जाळीवर ओलं फडकं आणि वर ताटली ठेवा, रात्र जाऊ द्या. सकाळी वास कमी झाला तर दोष मोरीचा. फ्रंट लोडचा पाइप साधारण 60 ते 100 सेंटिमीटर उंचीवरून यावा लागतो. टॉप लोडच्या काही मशीनमध्ये मात्र तो खालीच ठेवायचा असतो, म्हणून आधी माहितीपुस्तिका पाहा.

कायम गार पाण्यात धुण्यानेही थर टिकतो. महिन्यातून एकदा रिकामं मशीन 60 अंशांवर किंवा ‘टब क्लीन’वर चालवा, टब साफ करायची पावडर घालून. बोअरचं जड पाणी असेल तर क्षारही साचतात, त्यासाठी सायट्रिक ॲसिड चालतं. व्हिनेगर सारखं सारखं ओतू नका, रबर खराब होऊ शकतं.

एक गोष्ट मात्र जिवावरची आहे. ब्लीच आणि व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड एकत्र कधीही घालू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. एकाच दिवशी दोन्ही वापरूच नका.

एवढं करूनही दोन-तीन वेळा टब साफ केल्यावर कपड्यांवर करड्या पापुद्र्यांचे तुकडे येत राहिले, तर थर जुना झाला आहे. मेकॅनिकला बोलावून टब खोलूनच धुवायला सांगा. आणि कुबट वासाऐवजी जळकट वास आला, तर काहीही साफ करत बसू नका. आधी प्लग काढा.