कला आणि राजकारणावर फेलोशिप हवी आहे? अर्ज असा बांधा

फॉर्म उघडण्याआधी कोऱ्या कागदावर एक प्रश्न लिहा. ‘गोव्यातली कला आणि राजकारण’ हा नुसता विषय झाला, त्यावर निवड समिती काय ठरवणार? त्याऐवजी असं मांडून बघा: गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा संघप्रदेश राहावा, यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूचा ‘गोमन्तक’ आणि विरोधातला ‘राष्ट्रमत’ ही दोन्ही दैनिकं मराठीच होती. मग एकाच भाषेत दोन बाजूंचा प्रचार कसा रंगला? मथळे, गाणी, चित्रं कोणाला उद्देशून होती? आता तुम्ही काय शोधणार ते वाचणाऱ्याला कळतं.

मग साधनं बघून या. पणजीत पाटोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय, तिथलंच पुराभिलेख खातं, पर्वरीचं झेवियर सेंटर हे इतिहास संशोधन केंद्र, इथून चौकशी सुरू करा. ‘सखोल संशोधन करणार आहे’ यापेक्षा ‘या महिन्याचे अंक चाळले, पुढचे मिळत नाहीत, म्हणून त्या वेळच्या कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेणार’ हे वाक्य कितीतरी वजनदार.

त्यानंतरच दार निवडा. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची फेलोशिप दोन वर्षांची: कनिष्ठ गटाला (२५ ते ४० वर्षं) महिना १०,००० रुपये, चाळिशीपुढच्या वरिष्ठ गटाला २०,०००. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था मराठीतही अर्ज घेते. ज्यांचा विचार मराठीत चालतो त्यांनी हीच वाट आधी धरावी. न्यूयॉर्कच्या द न्यू स्कूलमधलं व्हेरा लिस्ट सेंटर तर कला आणि राजकारण यांसाठीच आहे. तिथे ठरावीक काळासाठी एक सूत्र जाहीर होतं, तुमचा प्रश्न त्यात बसतो का ते पाहा. ओढूनताणून बसवू नका. आणि कुठेही अर्ज करा, राजकीय धार बोथट करू नका.

खर्चाच्या तक्त्यावर मात्र वेळ घालवा. प्रवास आणि स्कॅनिंग सगळेच लिहितात, पण माहिती देणाऱ्यांचं मानधन बहुतेक अर्जांत नसतं. म्हातारा गायक तुमच्यासाठी आठवून आठवून गातो, घरचं कोणीतरी दिवसाची मजुरी बुडवून त्याच्याजवळ बसतं. त्यांचे पैसे पहिल्या ओळीत घाला. ध्वनिमुद्रणाची लेखी परवानगी घ्या, एक प्रत त्या घरी पोचवा, आणि हे सगळं अर्जात नमूद करा.

मसुदा गोव्याबाहेरच्या माणसाला वाचायला द्या. ‘दोन पानं’ वाचून तो अडला, तर तिथेच एक ओळ घाला: संघप्रदेशाचं चिन्ह दोन पानं, विलीनीकरणाचं फूल, आणि दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली.

शिफारसपत्र देणाऱ्यांना महिनाभर आधी सांगा आणि सोबत मसुदाही पाठवा, म्हणजे ते तुमच्या कामाबद्दल लिहितील, नुसत्या स्वभावाबद्दल नाही.