‘नेट स्लो आहे’ अशी तक्रार करण्याआधीची तयारी

घरचे ब्रॉडबँड मंद झाले की आपण पहिला फोन सेवा देणाऱ्या कंपनीला किंवा गल्लीतल्या केबलवाल्याला लावतो, आणि तिकडून ठरलेले उत्तर येते की राउटर बंद करून पुन्हा चालू करा. त्याने कधी गुण येतो, कधी येत नाही. तंत्रज्ञ घरी येतो तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असतात, नेट सुरळीत असते, तो आपल्या मोबाइलवर स्पीड टेस्ट करून दाखवतो आणि तक्रार बंद होते; रात्री नऊला मुलीच्या ऑनलाइन तासाला शिक्षिकेचा आवाज पुन्हा तुटू लागतो. आमच्या घरी हे जवळजवळ दोन महिने चालले. बिघाड दाखवता आला तरच तो दुरुस्त होतो, आणि तो दाखवायचा तर फोन करण्याआधी तीन दिवस स्वतः मोजमाप करून ठेवावे लागते, हे त्यातून पक्के कळले. ती तयारी कशी करावी, ते इथे सांगतो.

सर्वांत आधी आपण नेमके काय मोजणार आहोत, हे मनाशी स्पष्ट असावे. प्लॅनवर लिहिलेले १०० एमबीपीएस हे एका सेकंदात किती माहिती घरात येऊ शकते त्याचे माप आहे. कळ दाबल्यापासून पहिले उत्तर परत येईपर्यंत किती वेळ जातो, हे माप वेगळे असून ते मिलिसेकंदांत मोजतात. बोलताना त्यालाच ‘पिंग’ म्हणतात. चित्रपट पाहताना पहिले माप कामाला येते, कारण पुढचा भाग आधीच उतरवून ठेवता येतो. व्हिडिओ कॉल, ऑनलाइन खेळ, शेअर बाजारातील ऑर्डर, बँकेचे पान उघडणे, यांत मात्र दुसऱ्या मापावर सगळे अवलंबून असते. त्यामुळे १०० चा प्लॅन २०० चा केला म्हणून प्रतिसाद सुधारेलच असे नाही, आणि मोजमाप हाती येण्याआधी हा खर्च करू नये.

साहित्य फार लागत नाही. एक वही, एक लॅपटॉप आणि राउटरपासून लॅपटॉपपर्यंत पोहोचेल एवढी कॅट-५ई किंवा कॅट-६ प्रकारची लॅन वायर पुरेशी आहे. लॅपटॉपला लॅनची खाच नसेल तर यूएसबीला जोडायचा अडॅप्टर कोणाकडून तरी मागून आणावा, पण नुसत्या वाय-फायवर चाचणी करू नये, कारण फक्त वाय-फायवर घेतलेल्या आकड्यांवरून दोष घरातला की बाहेरचा हे कधीच सांगता येत नाही. वायर जोडल्यावर लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जोडणीचा वेग पाहून घ्यावा. गिगाबिटसाठी, म्हणजे १००० एमबीपीएससाठी, वायरीतल्या चारही जोड्या लागतात, तर १०० एमबीपीएसला दोनच पुरतात. त्यामुळे जिथे १००० दिसायला हवे तिथे १०० दिसत असेल, तर एखादी जोडी तुटली आहे किंवा पिन नीट बसलेली नाही, असा संशय घ्यावा. ज्या सोसायट्यांमध्ये केबलवाल्याने जिन्यातल्या स्विचपासून घरापर्यंत तांब्याची लॅन वायरच ओढली आहे, तिथे हे तपासणे विशेष गरजेचे आहे, कारण गच्चीवरच्या उन्हापावसात त्या वायरींचे आवरण तडकते आणि पिना गंजतात.

आता प्रत्यक्ष मोजणी. ‘पिंग’ हा छोटा प्रोग्रॅम अमेरिकी सैन्याच्या एका प्रयोगशाळेत काम करणारे माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला, आणि आजही घरच्या मोजणीला त्याच्याइतके सोपे साधन नाही. विंडोजमध्ये तो आपण होऊन फक्त चार वेळा विचारून थांबतो, आणि चार आकड्यांवरून काहीच ठरत नाही. म्हणून कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग हा शब्द, मग जागा सोडून उणे चिन्हाला जोडून एन हे अक्षर, मग १००, आणि शेवटी पत्ता असे इंग्रजी लिपीत लिहावे, म्हणजे तो शंभर वेळा विचारील आणि खाली किमान, कमाल, सरासरी आणि गहाळ पॅकेटे, म्हणजे वाटेत हरवलेले माहितीचे छोटे तुकडे, यांचा हिशेब देईल. सरासरीपेक्षा किमान आणि कमाल यांतले अंतर अधिक बोलके असते. सरासरी २० असून कमाल ७०० असेल, तर कॉलमध्ये आवाज तुटणारच.

ही शंभरची फेरी तीन ठिकाणांसाठी घ्यावी. पहिले ठिकाण आपला राउटर, ज्याचा पत्ता बहुधा त्याच्या पाठीवरच्या स्टिकरवर छापलेला असतो. दुसरे ठिकाण कंपनीचा पहिला गेटवे, म्हणजे आपली वाहतूक कंपनीच्या जाळ्यात शिरते ते पहिले यंत्र. तो शोधण्यासाठी वाटेतले टप्पे दाखवणारा ट्रेसर्ट (tracert) हा आदेश त्याच कमांड प्रॉम्प्टमध्ये बाहेरच्या पत्त्यासह चालवून येणाऱ्या यादीतला राउटरच्या लगेच पुढचा पत्ता उतरवून घ्यावा. तिसरे ठिकाण बाहेरचे, पण नेहमी जागे असणारे असावे, गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हा पत्ता त्यासाठी चालतो. वायरीवरून राउटरचे उत्तर एका मिलिसेकंदाच्या आतबाहेर यायला हवे, आणि निरोगी फायबरवर कंपनीचा पहिला गेटवे एक आकडी मिलिसेकंदांत उत्तर देतो. पहिल्याच टप्प्यावर वेळ जात असेल तर दोष घरात आहे, दुसऱ्यावर जात असेल तर वाटेतल्या वायरीत किंवा कंपनीच्या गर्दीत आहे, आणि दोन्ही टप्पे ठीक असून तिसरा बिघडत असेल तर तो कंपनीच्या पलीकडे आहे. सगळी तयारी या एका विभागणीसाठी आहे.

अपेक्षा मात्र अंतर पाहून ठेवावी. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे मिलिसेकंदाला दोनशे. पुण्याहून मुंबईला जाऊन येण्यास दीड-दोन मिलिसेकंद पुरतात. पण मुंबईपासून न्यूयॉर्क सरळ मोजले तरी साधारण साडेबारा हजार किलोमीटर आहे, तेव्हा नुसत्या जाण्यायेण्यातच सव्वाशे मिलिसेकंद जातात, आणि समुद्रातल्या केबली वळसा घेऊन जात असल्याने प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास आकडा दिसतो. तो बिघाड नव्हे. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ केबली तुटल्या, तेव्हा भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या वाहतुकीचा वेळ वाढला होता; अशा दिवशी घरचा राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नसतो. ऑफिसचे व्हीपीएन, म्हणजे सगळी वाहतूक ऑफिसच्या जाळ्यातून नेणारी सोय, चालू ठेवून मोजले तरी असाच चकवा होतो, कारण पुण्यातल्या पुण्यात जायचे पॅकेटसुद्धा परदेशातल्या गेटवेला शिवून येते. मोजताना व्हीपीएन बंद असावे.

फेऱ्या दिवसातून तीनदा घ्याव्यात: सकाळी सहा-सातला, दुपारी, आणि रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान. वहीत तारीख, वेळ, वायर की वाय-फाय, तिन्ही ठिकाणचे आकडे, आणि त्या वेळी घरात आणखी कोण काय वापरत होते, हे लिहावे. हा शेवटचा रकाना अनेकांना अनावश्यक वाटतो, पण आमच्या घरचा अर्धा दोष त्यातच सापडला.

झाले असे होते की, रात्री जेवणानंतर सगळ्यांचे मोबाइल चार्जिंगला लागत, आणि चार्जिंगला लागताच दिवसभरातले फोटो आणि व्हिडिओ आपोआप क्लाउडवर चढू लागत. गणपतीच्या दिवसांत तर विसर्जनाचे लांबलचक व्हिडिओ तीन फोनांतून एकाच वेळी चढत होते. वायरीवरून गेटवेचा पिंग सकाळी ६ मिलिसेकंद होता. त्या रात्री तो ६०० च्या वर गेला, आणि तिन्ही फोनांचे वाय-फाय बंद करताच दहा सेकंदांत पुन्हा ६ वर आला. वहीतल्या त्या दोन ओळी मी आजही जपून ठेवल्या आहेत.

याला बफरब्लोट म्हणतात. पॅकेट वाया जाऊ नये म्हणून राउटर आणि मोडेममध्ये मोठी साठवण ठेवलेली असते. चढणारी वाहतूक मर्यादेला टेकली की ती साठवण भरते आणि कॉलमधले इवलेसे पॅकेटही त्या ढिगाच्या शेवटी जाऊन उभे राहते. पंढरपुरात पदस्पर्शाच्या दर्शनबारीत तास न् तास जातात, पण मुखदर्शनाची रांग वेगळी असल्याने ज्याला तेवढेच हवे तो लवकर बाहेर येतो. राउटरमध्येही अशी वेगळी रांग लावावी लागते. ती लावणाऱ्या पद्धतीला एफक्यू-कोडेल आणि तिच्या पुढच्या रूपाला केक म्हणतात. काही राउटरांत ही सोय ‘एसक्यूएम’ किंवा ‘स्मार्ट क्यूओएस’ या नावाने असते, आणि ओपनडब्ल्यूआरटी ही मोफत प्रणाली चालणाऱ्या राउटरांवर ती बसवता येते. तिथे वेगाची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवावी, म्हणजे ५० चा वेग मिळत असेल तर साधारण ४५ भरावे. थोडा वेग सोडून दिल्यामुळे रांग कंपनीच्या यंत्रात न लागता आपल्या राउटरात लागते, आणि तिची शिस्त आपल्या हाती राहते. कंपनीने दिलेल्या राउटरात ही सोय नसेल, तर फोटो चढवण्याची वेळ मध्यरात्रीनंतरची ठेवता येते का ते पाहावे आणि क्लाउडवर चित्रण पाठवणाऱ्या कॅमेऱ्यांची गुणवत्ता कमी करावी. दोष हाच आहे का, हे पाहण्यासाठी फास्ट डॉट कॉमवर चाचणीनंतर अधिक माहिती उघडावी. तिथे रिकाम्या आणि भरलेल्या लाइनीचा विलंब वेगवेगळा दिसतो. दोहोंत मोठी तफावत असेल तर उत्तर मिळाले.

वायरीवर सगळे ठीक आणि वाय-फायवर बिघडलेले असेल, तर राउटरची जागा पाहावी. आपल्याकडे तो टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर किंवा मीटरजवळच्या कोनाड्यात बसवतात, कारण वायर तिथे आत आलेली असते. आरसीसीची भिंत, लोखंड, आरसा आणि पाण्याची टाकी हे चारही लहरींना अडवतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब पोहोचतो, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ एवढे तीनच आहेत, आणि चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीत त्या तिघांतच सगळ्यांची गर्दी असते. मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात चालतो. कामाचा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर ठेवावा, आणि दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे द्यावीत म्हणजे तो नकळत दुसरीकडे जाणार नाही. वाय-फायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकते, त्यामुळे आतल्या खोलीतला जुना, मंद फोन सगळ्यांचा वेळ खातो, हेही ध्यानात असावे. शक्य असेल तिथे टीव्ही आणि डेस्कटॉप वायरीवर घ्यावेत.

फायबर असेल तर भिंतीपासून मोडेमपर्यंतची बारीक, बहुधा पिवळी पॅच कॉर्ड हाताने न ओढता डोळ्यांनी तपासावी. आमची बाल्कनीच्या सरकत्या खिडकीच्या चौकटीत दबली होती, आणि खिडकी पूर्ण लावली की सिग्नल पडत असे; रात्री डास येतात म्हणून खिडकी लावली जाई आणि म्हणून दुपारी आलेल्या तंत्रज्ञाला काहीच सापडत नसे. काचेच्या तंतूला घट्ट वळण सोसत नाही, प्रकाश बाजूने निसटतो. मोडेमच्या सेटिंगच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’ म्हणून, पोहोचणाऱ्या प्रकाशाची ताकद सांगणारा, डीबीएम या मापातला आकडा दिसतो. घराघरांत दिसणाऱ्या जीपॉन या फायबर प्रकारच्या मोडेमला साधारण उणे ८ ते उणे २७ पर्यंत चालते, पण उणे २५ च्या खाली गेलेला आकडा काठावरचा समजावा. तीन डीबीची घट म्हणजे प्रकाश निम्मा झाला. खिडकी उघडी आणि बंद, दोन्ही वेळचा आकडा लिहावा. पॅच कॉर्डची हिरवी पिन काढून तिच्या टोकात कधीही डोकावू नये. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण असतो.

डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलणे, राउटरचे सॉफ्टवेअर अद्ययावत करणे, महिन्याचा ठरलेला डेटा संपून वेग उतरला नाही ना हे पाहणे, ही कामे दहा मिनिटांची आहेत, ती उरकून घ्यावीत. डीएनएस बदलून पान उघडण्याचा पहिला क्षण सुधारतो, कॉलमधला विलंब नाही.

ट्रेसर्टची यादी तक्रारीला जोडताना एक काळजी घ्यावी. मधल्या एखाद्या ओळीत २०० मिलिसेकंद किंवा नुसत्या चांदण्या (*) दिसल्या, आणि त्याखालच्या ओळी पुन्हा १० वर आल्या, तर तो दोष नाही. मधले राउटर अशा चौकशीला उत्तर देण्याचे काम सर्वांत शेवटी करतात. वाढलेला विलंब शेवटच्या ओळीपर्यंत टिकला तरच तो पुरावा.

आता फोन करावा, आणि ‘नेट स्लो आहे’ असे न म्हणता वहीतले वाक्य वाचून दाखवावे: “लॅन वायरीवरून राउटरपर्यंत एक मिलिसेकंद लागतो, तुमच्या पहिल्या गेटवेपर्यंत सकाळी ६ लागतात, पण गेले तीन दिवस रात्री ९ ते ११ या वेळात सरासरी १४० लागतात आणि शंभरांतली सहा पॅकेटे गहाळ होतात, त्या वेळी घरात दुसरे कोणी नेट वापरत नव्हते.” यावर राउटर बंद-चालू करा हे उत्तर पुरत नाही. तक्रार क्रमांक मागून घ्यावा. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार तो देणे कंपनीला बंधनकारक आहे, आणि निवारण झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. तंत्रज्ञाची भेट आग्रहाने संध्याकाळी सातनंतरची मागावी. त्याला वही दाखवावी. अनुभवी माणूस आकडे पाहून थेट योग्य टोकाला हात घालतो. काम झाल्यावर तक्रार बंद करण्यासाठी मोबाइलवर आलेला ओटीपी लगेच सांगू नये. तंत्रज्ञ समोर असतानाच गेटवेची शंभरची एक फेरी पुन्हा घ्यावी, आरएक्स पॉवरचा नवा आकडा तारखेसह वहीत उतरवावा, आणि मग ओटीपी द्यावा.