गॅस सेन्सरच्या कामात येणाऱ्यांनो, आधी दमट हवा ओळखा

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाल्यावर माझं पहिलं काम रत्नागिरीत होतं. मिरकरवाडा बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यासाठी अमोनियाची गळती ओळखणारा बोर्ड करायचा होता. पुण्यातल्या एसी खोलीत कॅलिब्रेट करून, म्हणजे त्याचे आकडे खऱ्या प्रमाणाशी जुळवून, मी तो बसवला. जूनचा पहिला पाऊस पडला आणि अलार्म थांबेना. तिथले मामा म्हणाले, "ताई, वास तर काहीच नाय, मग हे ओरडतंय कशाला?"

त्या रात्री मी सेन्सरची डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक, पहिल्यांदा नीट वाचली. अशा स्वस्त सेन्सरमध्ये टिन ऑक्साइडचा थर असतो आणि तो तापवायला हीटर. तापलेल्या थरावर हवेतला ऑक्सिजन चिकटून इलेक्ट्रॉन अडवून धरतो, त्यामुळे रोध जास्त असतो. अमोनिया, एलपीजी किंवा अल्कोहोलची वाफ आली की तो ऑक्सिजन खर्ची पडतो आणि रोध उतरतो. पाण्याच्या वाफेनेही उतरतो! सेन्सर सांगतो तो फक्त रोध. पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत वायूचे किती भाग, ते आपण काढतो. एमक्यू-१३५ या अशाच सेन्सरचा रोधावरून पीपीएम काढायचा आलेख २० अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेचा आहे, आणि आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता नव्वदी गाठते. म्हणून त्याच डब्यात आर्द्रतेचा सेन्सर हवाच, आणि कॅलिब्रेशन जागेवरच्या हवेत.

दुसरी चूक जास्त महागात पडली. पाणी आत जाऊ नये म्हणून मी डबा सिलिकॉन सीलंटने बंद केला. त्या सीलंटच्या वाफेने टिन ऑक्साइडचा थर निकामी होतो, हे तेव्हा माहीत नव्हतं. सेन्सर बहिरा झाला आणि आकडे मात्र छान शांत दिसत राहिले. मला अजूनही त्या शांत आकड्यांची भीती वाटते.

पुढे इलेक्ट्रोकेमिकल सेलकडे, म्हणजे वायूच्या रासायनिक क्रियेतून वीजप्रवाह देणाऱ्या सेन्सरकडे, वळलात तर तो प्रवाह नॅनोअँपिअरमध्ये (अँपिअरच्या अब्जाव्या भागात) मोजावा लागतो. त्यासाठी एलएमपी९१०००सारखी तयार आयसी मिळते, पण बोर्डावर खाऱ्या हवेचा ओलसर थर बसला की त्यातूनच प्रवाह झिरपतो. सोल्डरिंगचा फ्लक्स स्वच्छ धुऊन ओलावा रोखणारं कोटिंग करा, सेल मात्र शेवटी लावा.

आणि चाचणीच्या नावाखाली कुजलेल्या मासळीच्या बंद खणात उतरू नका. तिथे साचणारा हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू १०० पीपीएमच्या आसपास गेला की नाकाला वास येणंच बंद होतं. तिथे प्रमाणित मीटरच न्या, आपला बोर्ड नको.