साध्या किटमधून एकाहत्तरचा टी-५५

प्लॅस्टिक किटचा पहिला रणगाडा मी एका रविवारात जोडून टाकला. डब्यातल्या कागदावर जसं लिहिलं होतं तसंच सगळं केलं, हिरवा रंग मारला, स्टिकर लावले. लांबून बरा दिसत होता. जवळ गेलं की मात्र जत्रेतलं खेळणं. काय चुकलंय ते मला कितीतरी दिवस कळत नव्हतं. एकदा सहज पट्टी घेऊन मडगार्डची कड मोजली. एक मिलिमीटर.

किट १/३५ प्रमाणाचं होतं, म्हणजे मॉडेलवरचा एक मिलिमीटर खऱ्या रणगाड्यावर ३५ मिलिमीटर होतो. खरं मडगार्ड असतं साध्या पत्र्याचं, झाडाला घासलं तरी वाकणारं. माझ्या मॉडेलवर ते साडेतीन सेंटिमीटर जाड होतं. डोळ्याला हा हिशोब येत नाही, पण खोटेपणा लगेच कळतो.

तेव्हापासून नवं किट उघडलं की मी सिमेंट, म्हणजे प्लॅस्टिक जोडायचा गोंद, बाजूला ठेवतो आणि आधी पट्टी घेतो. नव्यानं या छंदात येणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे की आधी मापं घ्या, फोटो बघा, आणि मग ठरवा कुठे हात घालायचा. मी उलटं केलं होतं. दुसऱ्या किटसाठी पितळी नक्षीपट्टीचा, म्हणजे पातळ पितळी पत्र्यात कोरलेल्या बारीक भागांचा, सेट मागवला, तो किटपेक्षा महाग पडला. त्यातले निम्मे भाग चिमट्यातून उडून सतरंजीत गेले, ते अजून तिथेच असतील.

खाली जे सांगतोय ते टी-५५ या सोव्हिएत बनावटीच्या रणगाड्यावर. स्वस्तातलं, जुन्या साच्यातलं किट होतं. मला तो १९७१ च्या डिसेंबरातला, पाकिस्तानबरोबरच्या युद्धातला, जम्मूतल्या छांब आघाडीवरचा भारतीय रणगाडा करायचा होता. तिथे डेक्कन हॉर्स या रेजिमेंटकडे टी-५४ आणि ७२ आर्मर्ड रेजिमेंटकडे टी-५५ होते. असं एक ठिकाण, एक महिना आधी ठरवून टाकलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. डिसेंबर म्हणजे चिखल कमी, धूळ जास्त. रंग एकच, हिरवा. आणि एक गंमतही हाती लागते, ती तोफेच्या नळीची. तिच्याकडे येतोच.

आधी पातळ करायचं काम. मडगार्ड आख्खं बदलायची गरज नाही. खालच्या बाजूनं, कडेपासून आत चार-पाच मिलिमीटरपर्यंत, कानशीनं तिरकं घासत जायचं. कड कागदासारखी झाली की वरून बघणाऱ्याला सगळं मडगार्डच पातळ वाटतं. पुढचा कोपरा मी कापून टाकला आणि तिथे कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा लावला. कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे प्रमाणात साडेतीन मिलिमीटर. तो चिमट्यानं थोडा मुडपला की कुठेतरी धडकून आलेला वाटतो. पत्र्याला प्लॅस्टिकचं सिमेंट चिकटत नाही, तिथे फेव्हिक्विक. कॅन कापताना हातमोजा घाला. हे मी टाके पडल्यावर शिकलो.

टरेट म्हणजे तोफ बसवलेला वरचा फिरता घुमट. त्याच्यावरच्या दांड्यांचंही तेच. शिपायांनी वर बसून धरायच्या त्या दांड्या किटमध्ये जाड आणि मधे साच्याची रेघ असलेल्या येतात. त्या काढून टाका आणि मोटर वाइंडिंगच्या दुकानात जा. २५ गेजची तांब्याची तार मागा, ती साधारण अर्ध्या मिलिमीटरची असते. दुकानदार वजनावर देतो, पण तुमचा हातभर तुकडा बघून पैसेच घेत नाही. तार सरळ करायची युक्ती म्हणजे एक टोक पक्कडीत धरायचं, दुसरं टोक दाराच्या कडीला, आणि एक हलका हिसका द्यायचा. तार किंचित लांबते आणि सुतासारखी सरळ होते. मग वाकवून, भोकं पाडून, फेव्हिक्विकच्या टाचणीभर थेंबानं बसवायची.

आता टरेट. टी-५५ चा टरेट ओतीव पोलादाचा असतो, उलट्या वाडग्यासारखा. रणगाड्याचं खालचं धड मात्र सपाट प्लेटा वेल्डिंग करून केलेलं. हा फरक मला नगरला कळला. तिथलं कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ पासून आहे, पाकिस्तानकडून पकडून आणलेला पॅटन रणगाडाही तिथे बघायला मिळतो. पॅटनचा टरेट टी-५५ चा नाही, पण ओतकाम ते ओतकामच. उन्हात तिरक्या कोनातून बघितलं की त्याच्यावर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा दिसतो. माझ्या किटचा टरेट होता साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत.

उपाय फार सोपा आहे, फक्त हात आवरावा लागतो. टरेटच्या एका तळहाताएवढ्या नव्हे, दोन बोटांएवढ्या भागावर पातळ लिक्विड सिमेंटचा हात द्यायचा. तीस-चाळीस सेकंद थांबायचं. प्लॅस्टिकची वरची साय मऊ झाली की केस आखूड कापलेल्या जुन्या टूथब्रशनं टिपत जायचं. घासायचं नाही, फक्त ठोकायचं. मग शेजारचा भाग. पूर्ण झाल्यावर आठवडाभर हात लावायचा नाही, कारण वरून कोरडं वाटलं तरी आत प्लॅस्टिक मऊ असतं. माझ्या एका टरेटवर अंगठ्याचा ठसा कायमचा उमटलेला आहे. नंतर बारीक पॉलिश पेपर पाण्यात बुडवून अगदी हलका फिरवायचा. खऱ्या टरेटवरचे उंचवटे दोन-तीन मिलिमीटरचे असतात, म्हणजे मॉडेलवर ०.१ मिलिमीटरसुद्धा नाही. रंगाआधी जेमतेम जाणवेल इतकाच खडबडीतपणा हवा. पहिल्यांदा माझा टरेट फणसासारखा झाला होता. आणि उत्साहाच्या भरात धडालाही हे करू नका, त्या प्लेटा गुळगुळीतच असतात.

टी-५५ च्या टरेटचं छत वेगळं, इंग्रजी ‘डी’च्या आकाराच्या दोन प्लेटा वेल्ड करून बसवलेलं असतं. माझ्या किटमध्ये तिथे नुसती कोरलेली रेघ होती. स्प्रूचा, म्हणजे ज्या चौकटीला भाग लागून येतात तिचा, एक तुकडा मेणबत्तीवर फिरवत गरम केला, लवचिक झाल्यावर ज्योतीपासून दूर नेऊन दोन्ही हातांनी ताणला की केसासारखा धागा निघतो. तो त्या रेघेत ठेवायचा, वरून सिमेंट सोडायचं, दोन मिनिटांनी बोथट ब्लेडच्या टोकानं जवळजवळ खुणा दाबत जायचं. वेल्डिंगचे वळसे तयार होतात. एका बैठकीत सगळं करू नका, मान दुखते आणि खुणा वाकड्या पडतात.

तोफेच्या नळीला मात्र मी दोन संध्याकाळी दिल्या. टी-५५ ला १०० मिलिमीटरची तोफ असते आणि नळीच्या अगदी टोकाला धूर ओढून घेणारा एक फुगवटा. पाकिस्तानकडे त्या वेळी चिनी बनावटीचे टाइप ५९ होते आणि ते टी-५४ चंच भावंड. दोन्हीकडचे रणगाडे लांबून सारखेच. आपल्याच माणसानं आपल्यावर गोळा टाकू नये म्हणून भारतीय रणगाड्यांच्या नळीच्या मध्यावर एक खोटा फुगवटा बसवला गेला. एकाहत्तरच्या फोटोंमध्ये तो स्पष्ट दिसतो. किटमध्ये तो नसतोच. तो नसेल तर रणगाडा भारतीय असल्याचं फक्त स्टिकर सांगणार.

नळी दोन अर्ध्या भागांत येते. जोडून, वाळवून, सांध्यावर पॉलिश पेपरची पट्टी बूटपॉलिशवाला फडकं ओढतो तशी ओढायची. एकाच जागी कानस घासली तर नळी चपटी होते. तोंड बंद असेल तर हातड्रिलनं उघडायचं. १०० मिलिमीटरचं भोक मॉडेलवर जवळजवळ २.९ मिलिमीटर होतं. बरोबर मधोमध यायला आधी टाचणीनं खूण करायची.

फुगवट्याचं माप कुठून काढायचं? अगदी बाजूनं काढलेला फोटो शोधायचा. टी-५५ च्या चाकाचा व्यास ८१० मिलिमीटर, मॉडेलवर २३. फोटोतलं चाक मोजायचं, फुगवटा मोजायचा, त्रैराशिक मांडायचं. शाळेत ज्याच्यावर मार खाल्ला ते गणित इथे कामी आलं. करण्याची पद्धतही शाळेतलीच, कार्यानुभवाच्या तासाला कागदी मणी करायचो ना, तीच. साध्या झेरॉक्सच्या कागदाची लांब पट्टी कापायची, एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला थोडी अरुंद. रुंद टोकापासून नळीवर फेव्हिकॉल लावत घट्ट गुंडाळत जायचं. शेवट अरुंद असल्यामुळे दोन्ही कडांना आपोआप उतार येतो. वाळल्यावर पातळ फेव्हिक्विक पाजायचं. कागद दगडासारखा होतो आणि घासून गुळगुळीत करता येतो. माझी पहिली गुंडाळी तिरकी गेली, दुसरी जमली. पट्टी पाव मिलिमीटर इकडेतिकडे झाली तर कुणाला दिसत नाही, गुंडाळी तिरकी गेली तर सगळ्यांना दिसते.

आता साखळी, म्हणजे चाकांभोवती फिरणारा पोलादी पट्टा. स्वस्त किटमध्ये ती रबरी पट्ट्यासारखी येते आणि चाकांवर ताणून बसते, सायकलच्या चेनसारखी सरळ. टी-५५ ला पाच मोठी चाकं, वरच्या बाजूला आधाराच्या छोट्या चकत्या नाहीतच. त्यामुळे खरी साखळी स्वतःच्या वजनानं चाकांवर टेकते. पहिल्या आणि दुसऱ्या चाकात अंतर जास्त असतं, तिथे ती जास्त झुलते. रबरी पट्ट्याला हे वजन नसतं. मी मडगार्ड आणि पट्टा यांच्या मधे स्पंजचे तुकडे कोंबले, पट्टा चाकांवर दाबला गेला, मग प्रत्येक चाकाच्या माथ्यावर फेव्हिक्विकचा थेंब. दुसऱ्या दिवशी स्पंज ओढून काढले. हे सगळं पट्ट्याला रंग देऊन झाल्यावर, कारण नंतर आत ब्रश जात नाही. साखळीला गंजाचा केशरी रंग मात्र देऊ नका. ती मँगनीज पोलादाची असते, चालत्या रणगाड्यावर मातकट तपकिरी दिसते आणि जमिनीला घासणारा भाग चकाकतो. पेन्सिलीचं शिसं बोटानं चोळलं की ती चकाकी येते.

इंजिनावरच्या जाळीच्या जागी किटमध्ये नुसत्या चौकोनी रेघा होत्या. मी आधी चहाची जुनी गाळणी कापली, ती प्रमाणात तुरुंगाच्या गजांसारखी दिसली. मग बायकोच्या फाटक्या ओढणीची नायलॉन जाळी. विचारून घेतली, हेही सांगून ठेवतो. मागच्या बाजूला रणगाडा चिखलात रुतला तर साखळीखाली घालायला एक ओंडका बांधलेला असतो. त्यासाठी प्लॅस्टिकचा लाकडी रंगवलेला दांडा कशाला, जास्वंदीची वाळलेली काडी घ्या. गुंडाळलेली ताडपत्री म्हणजे टिश्यू पेपर, अर्धं पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवून.

रंगाबद्दल थोडक्यातच, कारण तो स्वतंत्र विषय आहे. डब्यातला हिरवा तसाच मारला तर लहान वस्तूवर तो गडद दिसतो, दहा-पंधरा टक्के पिवळट पांढरा मिसळून फिका करा. लॅकरचे स्प्रे पावसाळ्यात मारू नका. मी जुलैत मारला आणि सकाळी रणगाड्यावर दुधाची साय धरली होती. ॲक्रिलिक रंग पूर्ण वाळल्यावर बर्न्ट अंबर ऑइल कलर मिनरल टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करून कोपऱ्यांत सोडायचा. तेव्हा त्या टूथब्रशच्या मेहनतीचं फळ दिसतं. सायलेन्सर डाव्या मडगार्डवर, मागे, आणि काजळी तिथेच. दोन्ही बाजूंना काळं फासलेले टी-५५ मी पुष्कळ पाहिलेत.

धूळ कुठली हेही बघा. मी हौसेनं कोकणातल्या घरची लाल माती वस्त्रगाळ करून आणली होती, आणि छांबचा रणगाडा रत्नागिरीहून आल्यासारखा दिसायला लागला. शेवटी सगळी पुसून फिकट करड्या-पिवळ्या रंगाची भुकटी लावली, तीही चाकांवर आणि खालच्या अर्ध्या भागातच जास्त.

झाल्यावर सोसायटीतल्या एका निवृत्त रिसालदारांना दाखवायला नेला. त्यांनी चष्मा लावला, नळीवरचा फुगवटा बघून ओळखीचं हसले. मग मॉडेल डोळ्यांसमोर धरून बराच वेळ साखळीकडे बघत राहिले.

“अरे, ही एवढी सैल कोणी ठेवली?” ते म्हणाले. “टी-५५ ची साखळी टेकते, पण अशी लोंबत नाही. सकाळी पहिलं काम तेच असायचं, ताण बघायचा. अशी सोडली असती तर ड्रायव्हरची खैर नव्हती.”

“काका, मी फोटो बघूनच केली.”

“फोटो कुठला होता?”

घरी येऊन पाहिला. तो रणगाडा एका चौकात कायमचा उभा केलेला होता, बाजूला झेंडूची कुंडी. साखळी मी प्रत्येक चाकाला फेव्हिक्विकनं चिकटवलेली होती.