पावसाने ओढ दिली तर आधी सोयाबीनच्या गाठी पाहा

सोयाबीन फुलोऱ्यात असताना पावसाने ओढ दिली, पाने फिकी पडू लागली, की हात आधी युरियाच्या पोत्याकडे जातो. जरा थांबा. शेतात चार-पाच ठिकाणची झाडे काढून मुळांवरच्या गाठी पाहा. उपटू नका, गाठी तुटून मातीतच राहतात. फावड्याने मातीसकट उचला, मुळे पाण्यात हलकेच धुवा आणि गाठी नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल असतील तर त्यांतल्या जिवाणूंचे हवेतले नत्र झाडासाठी बांधण्याचे काम चालू आहे. हिरवट किंवा तपकिरी झालेल्या गाठी संपल्या. पांढऱ्या म्हणजे एकतर कोवळ्या, नाहीतर निकामी.

पाने कोमेजण्याआधीच गाठींचे काम मंदावते, हे ध्यानात ठेवा. गाठीच्या पेशीत जिवाणू मोकळे नसतात. झाडाने त्यांच्याभोवती पातळ पडदा गुंडाळलेला असतो. त्यांनी तयार केलेला अमोनिया या पडद्यातूनच झाडाला मिळतो. सोयाबीनच्या या पडद्यात नोड्युलिन-२६ नावाचे प्रथिन असते, पडद्यातल्या एकूण प्रथिनांच्या साधारण १० टक्के. ते दारासारखे काम करते आणि त्यातून पाणीही जाते, अमोनियाही. पाण्याचा ताण पडला की झाड या प्रथिनाला फॉस्फेट जोडते आणि पाण्याची ये-जा सोपी होते. शिवाय अमोनियापासून ग्लुटामाइन हे अमिनो आम्ल बनवणारे विकर (एन्झाइम) याच दाराला येऊन चिकटते, त्यामुळे अमोनिया पेशीत साचून बाधत नाही. इतकी नेटकी सोय मला तरी दुसरीकडे क्वचितच दिसली. पण बांधलेले नत्र गाठीतून वर शेंड्यापर्यंत न्यायला पाण्याचाच प्रवाह लागतो. तो आटला की माल मागे तुंबतो आणि गाठ काम आवरते घेते.

म्हणून गाठी लाल असतील तर पाणी द्या, युरिया नको. जमिनीत नायट्रेट वाढले की झाड गाठींकडे पाठ फिरवते. सोय असेल तर तुषारने हलके पाणी द्या. सरीत तुंबवू नका. गाठीला हवाही लागते आणि साचलेल्या पाण्यात ती गुदमरते. पाण्याची सोयच नसेल तर ओळींमध्ये काडीकचऱ्याचे आच्छादन करा.

सगळीकडे गाठी पांढऱ्याच निघाल्या किंवा धरल्याच नाहीत, तर मात्र नत्र बाहेरून द्यावे लागेल. तेही जमिनीत ओल आल्यावर. पुढच्या पेरणीला सोयाबीनसाठीचेच जिवाणू संवर्धक बियाण्याला सावलीत चोळा.

पाणी दिल्यावर आठवड्याने पुन्हा दोन-तीन झाडांच्या गाठी फोडून रंग पाहा.